उभ्या उसाचा उन्हाळा : लांबलेल्या हंगामाचा आढावा

शेतीविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यातला बहुतेक भाग पेरणीपासून पीक तयार होईपर्यंतच्या काळाचा असतो; पाऊस, बियाणे, खते, कीड आणि बाजारभाव हे त्याचे ठरलेले विषय होत. तयार झालेले पीक शेतातून वेळेवर निघणे हा एक स्वतंत्र प्रश्न आहे याची जाणीव त्या मानाने कमी आढळते, आणि ज्या पिकाची कापणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती उरलेलीच नाही त्याच्या बाबतीत तर हाच प्रश्न इतर सर्व प्रश्नांना मागे सारून पुढे येतो. महाराष्ट्रात असे पीक म्हणजे ऊस. तो लावणारा एक, तोडणारा दुसरा, वाहून नेणारा तिसरा, आणि तोड कधी द्यावयाची हे ठरविणारा चौथा. हंगाम लांबला म्हणजे पहिल्या तिघांचे नुकसान होते आणि तोडीचा निर्णय मात्र चौथ्याच्या, म्हणजे कारखान्याच्या, हाती असतो. या विषयासंबंधी जे काही सांगावयाचे आहे त्याचे बीज एवढ्याच गोष्टीत आहे.

कसबा पेठेत राहणाऱ्या माणसाने उसाच्या फडाविषयी लिहावे हे कोणास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे, परंतु या पेठेचा आणि शेतीच्या व्यवस्थेचा संबंध जुना आहे. आदिलशाही फौजेने मुरार जगदेवाच्या हुकमतीखाली पुणे उद्ध्वस्त करून तेथे गाढवांचा नांगर फिरविल्यावर, जिजाऊसाहेबांनी बालशिवाजीच्या हस्ते सोन्याचा नांगर धरवून ही भूमी पुन्हा वहितीस आणली, अशी परंपरा आहे, आणि ती याच कसब्याच्या परिसराशी जोडलेली आहे. त्या परंपरेतील सोने किती आणि श्रद्धा किती हा वाद बाजूस ठेवला, तरी पुढे जे घडले ते त्या काळच्या राज्यकारभाराशी सुसंगत होते : परागंदा झालेल्या रयतेला कौल देऊन परत आणावयाचे, आणि नव्याने लागवडीस येणाऱ्या जमिनीवर पहिली काही वर्षे हलका व पुढे क्रमाक्रमाने वाढत जाणारा सारा बसवावयाचा, या रीतीस इस्तावा म्हणत. राज्याचा वसूल पिकाच्या गतीने चालावा, पिकाने राज्याच्या गतीने चालू नये, हे तत्त्व त्या रीतीच्या मुळाशी होते. आज कसब्यातून मुठा ओलांडून शिवाजीनगरला गेले की साखर संकुलाची इमारत लागते. सबंध राज्यातील गाळपाचे परवाने, उसाच्या देण्यांचे हिशेब आणि हंगामाचा दैनंदिन तपशील तेथे एकत्र होतो. उसाविषयीचे निर्णय जर आमच्या उंबरठ्यापासून इतक्या जवळ होत असतील, तर त्या निर्णयांचे परिणाम दूरच्या फडात काय होतात हे समजून घेण्याची जबाबदारीही आमच्याकडे काही अंशाने येते.

प्रथम पिकाचा स्वभाव पाहू. महाराष्ट्रात ऊस तीन हंगामांत लावला जातो. जुलै-ऑगस्टमधली लागण ती आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली पूर्वहंगामी आणि जानेवारी-फेब्रुवारीतली सुरू. शिवाय तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारा तो खोडवा. आडसालीस सोळा-अठरा महिने लागतात, सुरूस बारा. थंडीच्या कोरड्या दिवसांत कांड्यांतील साखर वाढत जाऊन पक्वतेच्या शिखरास पोहोचते. उन्हाळा चढू लागला म्हणजे तीच साखर श्वसनात आणि नव्या फुटीत खर्ची पडू लागते, शर्करेचे विघटन होते, तुरा आलेल्या उसात शेंड्याकडून गर कोरडा होऊन दशी पडत जाते, वाढलेला ऊस लोळतो, लोळलेल्याला उंदीर लागतात आणि कांडी आतून पोकळ होते. म्हणजे गव्हासारखे पीक उशिरा कापले तर दाणे झडतात पण उरलेला दाणा दाणाच राहतो. उसाचे तसे नाही. तो उभा राहूनच कमी होत असतो. तोडल्यावर तर घटिका मोजावयाच्या असतात, कारण चोवीस तासांच्या आत तो कारखान्याच्या गव्हाणीत पडला नाही तर वजन आणि साखर दोन्ही उतरू लागतात. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने आणि मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने लवकर पक्व होणाऱ्या व उशिरापर्यंत टिकणाऱ्या जातींवर जे काम केले त्यामागे हाच हिशेब आहे. को ८६०३२ ही जात शेतकऱ्याला इतकी प्रिय होण्याचे एक कारण तिचा टिकाऊपणा होय. परंतु कोणतीही जात मे महिन्यातल्या मराठवाड्यात अनिश्चित काळ उभी राहण्यासाठी निर्माण झालेली नाही.

या प्रश्नाचे संपूर्ण स्वरूप ज्या वर्षी उघडे पडले ते वर्ष २०२१-२२ चे. २०१८ च्या दुष्काळाने ऊस इतका ओसरला होता की २०१९-२० च्या हंगामात राज्यात जेमतेम ६२ लाख टनांच्या आसपास साखर झाली. त्यानंतर लागोपाठ चांगले पावसाळे आले, जायकवाडीसारखी धरणे भरली, कापूस आणि सोयाबीन यांच्या भावाची व रोगराईची धास्ती घेतलेल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याने पाणी दिसताच उसाकडे धाव घेतली, आणि दोनच वर्षांत उसाचे क्षेत्र बारा लाख हेक्टरांच्या पुढे गेले. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेल्या त्या हंगामात सुमारे दोनशे कारखान्यांनी १,३०० लाख टनांहून अधिक ऊस गाळला आणि सुमारे १३७ लाख टन साखर तयार केली. उत्तर प्रदेशला मागे टाकून महाराष्ट्र देशात पहिला आला. त्या यशाचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते व्हावयास हवेही होते. परंतु जो हंगाम एरवी मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो तो त्या वर्षी जूनच्या मध्यापर्यंत चालला, आणि बीड, जालना, परभणी, लातूर, उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील हजारो शेतकरी एप्रिल आणि मे हे दोन महिने आपल्याच शेताच्या बांधावर तोडणी मजुरांच्या टोळीची वाट पाहत उभे राहिले. मे २०२२ मध्ये गेवराई तालुक्यात एका शेतकऱ्याने आपला उभा ऊस पेटवून देऊन आत्महत्या केली. विक्रमी साखरेची बातमी आणि ही बातमी यांचा हंगाम एकच होता, हे लक्षात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

उशिरा तोडीने शेतकऱ्याचे नेमके काय जाते? पहिली गोष्ट वजन. एकरी ४० टनांचा फड वाळून एक दशांशाने उतरला असे धरले, तर त्या वर्षीच्या २,९०० रुपये टन या रास्त व किफायतशीर दराने, तोडणी-वाहतूक वजा जाण्यापूर्वी, एकरामागे ११,६०० रुपये नाहीसे झाले. यात कोणाची चोरी नाही, कोणाचा अपराध कागदावर नाही, म्हणून कोणाकडे दादही नाही. दुसरी गोष्ट पुढचे पीक. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये अशी कृषिशास्त्राची शिफारस आहे, कारण उन्हाच्या तडाख्यात फुटवे तग धरीत नाहीत. ज्याचा ऊस मे महिन्यात निघाला त्याचा खोडवा गेला, आणि शेत वेळेवर मोकळे न झाल्याने खरिपाची पूर्वतयारीही गेली. तिसरी गोष्ट पाणी : तोडीची तारीख कळत नसल्यामुळे शेतकऱ्याला आटत्या विहिरीचे पाणी त्याच उसाला द्यावे लागते, नाहीतर तो जाग्यावर वाळतो. चौथी गोष्ट अशी की, तोड मिळविण्यासाठी तो जे करतो त्यानेही त्याचेच नुकसान होते. पाचट पेटवून दिले म्हणजे जळीत ऊस आधी उचलावा लागतो, म्हणून कित्येक जण स्वतःच्या हाताने फड पेटवितात आणि मग जळिताबद्दल वजनातून होणारी कपात मुकाट्याने सोसतात. टोळीला द्यावयाची खुशाली आणि गाडीवाल्याची एंट्री या नावांनी ज्या रकमा मागितल्या जातात, त्या हंगामाच्या आरंभी चहापाण्यापुरत्या असतात आणि अखेरीस एकरी हजारोंच्या घरात जातात. ज्याच्याकडे रोख नाही त्याचा क्रम आणखी मागे पडतो, मग ऊस नोंदीची तारीख काहीही असो.

नोंद हा शब्द या व्यवस्थेचा कणा आहे. शेतकऱ्याने लागणीनंतर कारखान्याच्या शेतकी खात्याकडे क्षेत्र, जात आणि लागणीची तारीख नोंदवावी, आणि त्या क्रमपाळीने तोडणीचा कार्यक्रम आखला जावा, असा नियम आहे आणि तो उत्तम आहे. परंतु कारखान्याची गाळपक्षमता किती, तोडणीस टोळ्या किती आणि नोंदविलेला ऊस किती, या तीन आकड्यांचा मेळ हंगामापूर्वी घालून तो जाहीर करण्याचे बंधन मात्र प्रत्यक्षात कोणी पाळताना दिसत नाही. १९९७ मध्ये झोनबंदी उठली आणि शेतकऱ्याला आपला ऊस हव्या त्या कारखान्यास देण्याची मोकळीक मिळाली. टंचाईच्या वर्षी या मोकळिकीने त्याला भाव मिळवून दिला, हे निर्विवाद आहे. मुबलकतेच्या वर्षी तीच मोकळीक उलटी फिरली, कारण ज्याने दोन वर्षे बाहेरच्या कारखान्यास ऊस दिला त्याला जवळच्या कारखान्याने शेवटच्या पानावर टाकले, आणि ज्याने नोंदच केली नव्हती तो तर कोणाच्याच वहीत नव्हता. ज्या प्रदेशात कारखाने बंद पडले तेथे परिस्थिती आणखी बिकट होते, आणि हे केवळ मराठवाड्यापुरते खरे नाही. पुण्याच्या वेशीवरच्या थेऊरचा यशवंत सहकारी कारखाना २०११ च्या सुमारास बंद पडल्यापासून हवेली तालुक्यातील ऊसही दूरच्या कारखान्यांची वाट धरीत आला आहे. प्रवरेच्या काठी लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी जो पहिला सहकारी कारखाना उभा केला आणि १९५०-५१ च्या हंगामात ज्याचे गाळप सुरू झाले, त्याच्या कल्पनेतच या प्रश्नाचे उत्तर होते : ज्याचा ऊस त्याचाच कारखाना असेल तर उशिराचा तोटा आणि निर्णय एकाच घरात राहतील. आज राज्यातील जवळजवळ निम्मे कारखाने खाजगी आहेत, आणि सहकारी म्हणविणाऱ्या कित्येकांत सभासदाला आपल्या तोडीची तारीख विचारण्यासाठी शेतकी अधिकाऱ्याच्या दारात तिष्ठत बसावे लागते. गाडगीळांनी अभिप्रेत धरलेला मालक तो हा नव्हे.

आता तोडणाऱ्याकडे वळू. आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण लांबलेल्या हंगामाच्या चर्चेत त्याचा उल्लेख बहुधा अडचण म्हणूनच येतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर, पाथर्डी या भागांतून, तसेच जालना, धाराशिव, नंदुरबार, जळगाव अशा जिल्ह्यांतून लक्षावधी माणसे दसरा-दिवाळीनंतर संसार गाडीत घालून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अनेक कोयत्यांची एक टोळी, टोळीवर मुकादम, आणि मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली उचल. ही उचल हंगामभराच्या मजुरीतून फेडावयाची असते, आणि न फिटल्यास पुढच्या वर्षीच्या कोयत्यावर चढते. एक कोयता दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडतो, मोळ्या बांधतो आणि डोक्यावरून गाडीत भरतो. मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणी दरात ३४ टक्के वाढ झाली, त्यापूर्वी तो दर टनाला पावणेतीनशे रुपयांच्या आतच होता.

मजुरी टनावर असल्यामुळे काय होते ते पाहावे. मे महिन्यातला ऊस वाळलेला, लोळलेला, गुंतलेला असतो. तो तोडण्यास अधिक श्रम लागतात आणि काट्यावर त्याचे वजन कमी भरते. दिवस पहाटे तीनला सुरू होतो, कारण दहानंतर फडात उभे राहणे अशक्य होते. वाढे, म्हणजे उसाचा शेंडा, हिरवे असते तोवर ते विकून बाजारखर्चाचे चार पैसे सुटतात. उन्हाळ्यात वाढेच वाळते. बैलगाडी सेंटरवरच्या मजुराला बैलांच्या वैरणीची आणि पाण्याची विवंचना पडते. पाचटाच्या कोपीत, उघड्या माळावर, बेचाळीस अंशांच्या उन्हात लहान मुले दिवसभर राहतात, आणि गावी राहिलेल्या मोठ्या मुलांच्या वार्षिक परीक्षा आईबापांवाचून होतात. शिवाय या माणसाचीही गावाकडे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन असते. अक्षय्य तृतीयेपासून तिची नांगरट, शेणखत, बांधबंदिस्ती व्हावयाची असते. तेव्हा एप्रिलअखेर टोळ्या परतू लागल्या म्हणजे मजूर पळाले, अशी जी ओरड कारखान्याच्या गेटवर होते ती अन्यायाची आहे. ते पळालेले नसतात. ते स्वतःच्या शेताकडे, स्वतःच्या पेरणीसाठी निघालेले शेतकरी असतात. दुसऱ्याच्या पिकासाठी आपला मृगाचा वाफसा घालविण्याची अपेक्षा त्यांच्याकडून कोणत्या न्यायाने करावी?

स्त्रियांच्या वाट्याला या श्रमातून जे येते ते वेगळे सांगणे कर्तव्य आहे. काम चुकले तर खाडा धरला जातो आणि दंड वसूल होतो, म्हणून आजारपण, पाळी आणि गरोदरपण यांना फडात सवड नाही. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. हंगाम दोन महिन्यांनी लांबणे म्हणजे या शरीरांवर त्याच श्रमाचे आणखी दोन महिने लादणे होय, आणि तेही वर्षातील सर्वांत कठोर ऋतूत. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले होते आणि शासनाची परवानगी मिळेपर्यंत त्यांना घरचा रस्ता बंद होता. हंगामाच्या शेवटी या माणसांच्या परतीची तजवीज ही कोणाचीच जबाबदारी नसते, हे त्या वर्षी सर्वांना दिसले. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या कल्याण महामंडळासाठी गाळप झालेल्या उसाच्या टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घेण्याची आणि तेवढीच भर शासनाने घालण्याची योजना आहे. योजना योग्य दिशेची आहे. मात्र हंगाम ठरल्यापेक्षा लांबला तर त्या वाढीव दिवसांसाठी मजुराला काही अधिक मिळावे, अशी तरतूद तीत नाही.

यंत्राने हा प्रश्न सुटेल असे मानणारा एक वर्ग आहे आणि त्याच्या म्हणण्यात तथ्यही आहे. ऊसतोडणी यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते. शासनाने २०२३ मध्ये ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतील कमी असेल ती रक्कम अनुदान म्हणून देण्याची योजना काढली, आणि मजुरांची संख्या वर्षानुवर्षे घटत असल्यामुळे यंत्रांचा फैलाव यापुढे वाढतच जाणार. २०२२ च्या उन्हाळ्यात पश्चिम महाराष्ट्रातील फड रिकामे झाल्यावर तेथील यंत्रे मराठवाड्याकडे वळविण्यात आली आणि त्यांनी पुष्कळ ऊस वाचविला. परंतु यंत्राचा मालक हाही बहुधा कर्ज काढून या धंद्यात उतरलेला ग्रामीण तरुण असतो, आणि उशिराच्या हंगामात त्याच्या अडचणी वाढतात. यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी लागते. मराठवाड्यात पुष्कळ लागण त्याहून अरुंद. लोळलेल्या उसात पाती अडकतात. क्षेत्र गुंठ्यागुंठ्यांचे असले की यंत्र वळविण्यातच डिझेल जळते. पाचटीपोटी काही टक्के वजन कापले जाते, त्यावरून शेतकऱ्याशी तंटा होतो. आणि वळवाचा एक मोठा पाऊस झाला की काळ्या जमिनीत ते धूड रुतते, चार दिवस उभे राहते, बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. ओल्या जमिनीवर ते बळेच घातले तर माती दडपून पुढील पिकाची हानी होते, म्हणून शेतकरीही त्यास मज्जाव करतो. ट्रॅक्टर आणि ट्रक घेऊन टोळीला स्वतःच्या नावावर उचल देणाऱ्या वाहतूकदाराची स्थिती याहून बरी नाही. मुकादमाने उचल घेऊन टोळी आणलीच नाही, अशा फसवणुकीने कितीतरी वाहनमालक देशोधडीस लागले आहेत.

लांबलेल्या कापणीचा हा जाच केवळ उसापुरता नाही, हे ओझरते नमूद करतो. मावळ, मुळशी आणि भोर येथील कापून पडलेल्या भातावर परतीचा पाऊस पडला की दाणा काळा पडतो. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन काढणीस पंजाब-हरियाणातून येणारी कम्बाइन यंत्रे ओल्या शेताच्या कडेला ताटकळत राहतात आणि शेंगेतल्या दाण्याला कोंब फुटतात. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस हे घडले, त्यानंतरही घडले. परंतु तेथे अपराधी आकाश असते आणि महसुली पंचनाम्यात त्याची नोंद होते.

येथेच उसाच्या प्रश्नाचे मर्म येते. या राज्यात पीक बुडाले तर त्यासाठी जुनी आणि सुस्थापित भाषा आहे. पेशवाईत नुकसानीची पाहणी करून सूट देत, वसूल तहकूब करीत. इंग्रजी अमलात साऱ्याच्या हप्त्यांची मुदत आणि पीक विकून पैसा येण्याची वेळ यांचा मेळ बसेना, आणि रयत सावकाराच्या पाशात सापडण्याच्या कारणांत त्याचीही गणना होऊ लागली. १८७५ मध्ये याच जिल्ह्यातील सुप्यास दंगा उसळून दख्खनभर पसरला. आजही पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की सवलती लागू होतात. या सर्व व्यवस्थेला बुडालेले पीक ओळखता येते. उभे असलेले, हिरवे दिसणारे, परंतु तोड न मिळाल्यामुळे दिवसेंदिवस घटत जाणारे पीक तिला ओळखता येत नाही. ते नुकसानीच्या कोणत्याही सदरात बसत नाही, कारण ते नष्ट झालेले नसते आणि त्यास निसर्ग कारण नसतो.

२०२२ च्या मे महिन्यात शासनाने दोन अनुदाने जाहीर केली : १ मेनंतर गाळलेल्या उसासाठी उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, घटल्याबद्दल टनाला २०० रुपये, आणि पन्नास किलोमीटरपलीकडच्या वाहतुकीसाठी टनामागे दर किलोमीटरला पाच रुपये. त्या घटकेस हा उपाय आवश्यक होता, नाहीतर कित्येक कारखाने गाळप थांबवून मोकळे झाले असते. परंतु हे साहाय्य कारखान्यांना होते. साखरेचा उतारा घटल्याने कारखान्याचे जे जाते ते शासनाने ओळखले. वजन घटल्याने शेतकऱ्याचे आणि तोडणाऱ्याचे जे जाते ते ओळखले नाही. त्यातच त्या वर्षीच्या फेब्रुवारीत राज्य शासनाने रास्त दराचा पहिला हप्ता ठरीव पायाभूत उताऱ्यावर आणि उरलेली रक्कम हंगाम संपून अंतिम उतारा कळल्यावर, अशी दोन टप्प्यांची पद्धत आणली होती. म्हणजे हंगाम जितका लांबेल तितका शेवटचा हप्ता लांबेल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने चौदा दिवसांत पैसे, आणि विलंब झाल्यास १५ टक्के व्याज, असा दंडक घालून दिलेला असताना ही पद्धत टिकण्यासारखी नव्हती, आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, कायद्याने विलंबाला किंमत लावली आहे ती ऊस काट्यावर चढल्यानंतरच्या विलंबाला. त्याआधीच्या विलंबाला, जो कित्येकदा अधिक महाग पडतो, त्याने किंमत लावलेली नाही.

मुबलकतेचे वर्ष एकदाच आले, आता प्रश्न उरला नाही, असे म्हणणेही बरोबर नाही. २०२४-२५ चा हंगाम निवडणुकीमुळे १५ नोव्हेंबरला, म्हणजे उशिरा, सुरू झाला. ऊस कमी होता, साखर ८०-८१ लाख टनांवर थांबली, आणि बहुतेक कारखाने लवकरच बंद झाले. त्या वर्षी शेतकऱ्याचा ऊस शेतात राहिला नाही हे खरे; परंतु तोडीचे दिवस इतके कमी भरले की पुष्कळ कोयत्यांची उचल फिटली नाही आणि यंत्रमालकांचे हप्ते थकले. एका वर्षी हंगाम संपत नाही, एका वर्षी तो पुरत नाही. आणि दोन्ही वेळा ज्यांना तारीख ठरविण्याचा अधिकार नाही त्यांच्याच अंगावर तोटा पडतो.

शेतकरी आणि तोडणारा यांच्यात बांधावर जी भांडणे होतात ती मन विषण्ण करणारी आहेत. खुशाली मागणारा मजूर शेतकऱ्यास लुटारू वाटतो, आणि खुशाली नाकारणारा शेतकरी मजुरास कृपण वाटतो. पण मोबदला दोघांचाही टनावर आहे. काट्यावर घटलेले वजन दोघांच्याही खात्यातून एकाच वेळी वजा होते. हितसंबंध जर कोठे खरोखर एक असतील तर ते या दोघांचे, आणि हे ज्या दिवशी दोघांच्या संघटनांना एकत्र बसून मांडता येईल त्या दिवशी या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे कोणासही जड जाईल.

उन्हाळ्यात कसब्यातल्या आणि शनिवारातल्या रसवंत्यांवर घुंगरे वाजू लागतात; पुरंदराकडच्या कुटुंबांनी कानिफनाथांच्या नावाने उभी केलेली ही दुकाने म्हणजे पुण्याच्या उन्हाळ्यातील मोठा विसावा आहे. तेथे ताज्या उसाचा रस घेणाऱ्या पुणेकराने एवढे जाणावे की, त्याच महिन्यात गोदावरीच्या खोऱ्यात उभा असलेला ऊस हा कोणाचे तरी वर्षभराचे भांडवल आहे आणि ते रोज थोडे थोडे आटत आहे.

मागणी मोठी नाही. हंगामाची सुरुवात ठरविणारी मंत्रिसमिती दरवर्षी पावसाळ्याच्या अखेरीस बसते. त्या बैठकीत मोळी टाकण्याच्या तारखेबरोबरच प्रत्येक कारखान्याची नोंद, गाळपक्षमता आणि तोडणीची यंत्रणा यांचा मेळ मांडला जावा व तो गावोगावच्या चावडीवर लावला जावा. नोंदीप्रमाणे जो ऊस ठरल्या मुदतीत तुटणार नाही त्याच्या घटलेल्या वजनाची भरपाई शेतकऱ्यास, आणि एप्रिलनंतरच्या तोडणीस वाढीव दर मजुरास, कारखान्याच्या हिशेबातून मिळावा. आणि शासनाने पुढे कधी उशिराच्या गाळपास अनुदान दिले तर त्याचा निश्चित हिस्सा या दोघांच्या नावे थेट जमा व्हावा. पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे तीन विषय घ्यावेत, अशी साखर संकुलास विनंती आहे.